चुंबकाच्या झोपडीबाहेर मनकर्णा

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यानंतर आदिलाबादकडच्या नार्नूरच्या पलीकडच्या पिंपळखोरीत एक साहेब आले. त्यांनी गावाला आधी काय विचारलं, तर इथून रेल्वे किती लांब, विजेची तार कुठवर आली आहे आणि लोहाराचा भाता गावात आहे का. रेल्वे फार लांब होती. विजेची तार बहुतेकांनी पाहिलीसुद्धा नव्हती. लोहार बाजाराच्या दिवशी खालच्या गावात यायचा आणि तिथूनच परत जायचा. ज्या गोष्टी नाहीत म्हणून गाव कुरकुरायचं, त्या नाहीत म्हणूनच साहेबांनी गाव पसंत केलं.

त्यांचं नाव वामनराव. पुण्याकडचे, पस्तिशीतले, अंगानं किडकिडीत. त्या वर्षी जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं ठरवलं होतं, आणि त्यातलंच थोडं काम करायला त्यांच्या कचेरीनं त्यांना वर्षभरासाठी पाठवलं होतं. गावाबाहेरच्या माळावर त्यांनी झोपडी बांधून घेतली, ती बांबूची, गवताची आणि मातीची. सागवानी दाराला लाकडी खुंट्या आणि पितळी बिजागऱ्या. पायाभरणीत काळा दगड घालू दिला नाही, कारण त्यातही लोखंडाचा अंश असतो म्हणे. गवंडी हसले. झोपडीभोवती लांबवर काथ्याची दोरी बांधली आणि तिच्या आत विळा, कुऱ्हाड, कडीची बादली, बैलाच्या गळ्यातली घंटा असं काहीच आणायचं नाही, असा नियम झाला. गावानं साहेबांचं नाव चुंबकसाहेब ठेवलं.

पाणी भरायला, भाकरी करायला आणि झोपडी झाडायला बाई हवी होती. पोलीस पाटलानं मनकर्णेचं नाव सांगितलं. "गरजू हाये जी. सासू-सुना दोघीच राह्यतात. कामाले चोख हाये."

मनकर्णा तेव्हा सव्वीस-सत्तावीसची असेल. उंच, सावळी, बोलणं कमी. कपाळावर ठसठशीत कुंकू आणि गळ्यात काळे मणी. गावातल्या बायका या कुंकवाकडे पाहून एकमेकींकडे पाहायच्या, पण तिच्या तोंडावर कोणी काही बोलत नसे. सासू जयवंताबाई पुढ्यात असली तर मुळीच नाही.

झोपडीपासून बऱ्याच अंतरावर पळसाचं झाड होतं. उटनूरहून साहेबांचं सामान यायचं, बॅटऱ्या, रॉकेल, फोटोचे कागद. ते आणणाऱ्या भगवंतरावाची बैलगाडी त्या पळसापाशीच थांबायची, कारण चाकाला लोखंडी पट्ट्याची धाव होती. तिथून मनकर्णा सामानाचा एकेक डाग डोक्यावर घेऊन दोरीपर्यंत न्यायची. भगवंतराव विधुर होता. बायको बाळंतपणात गेलेली, मूलही राहिलं नव्हतं. तो गाडीवरून उतरून डाग तिच्या डोक्यावर चढवून द्यायचा आणि ती परत येईपर्यंत घुंगरं बांधलेल्या आपल्या बैलांशी बोलत बसायचा.

काम सुरू झालं तेव्हाच्या एका सकाळची गोष्ट. जयवंताबाई सुनेसोबत आली होती आणि दोरीबाहेर उन्हात बसली होती. मनकर्णेनं केसांतले आकडे काढून ठेवले, विळा ठेवला आणि खराटा घेऊन झोपडीत पाऊल टाकलं.

"थांबा, बाई!" वामनराव आतून म्हणाले. "तिथंच थांबा. आता एक पाऊल मागं जा... आता पुढं या."

ती मागं गेली, पुढं आली. आत अंधारात एका काचेच्या पट्टीवर उजेडाचा ठिपका होता, तो साहेब टक लावून पाहत होते.

"तुमच्या अंगावर लोखंड आहे काहीतरी."

"नाई जी. आकडे काढले, ईळा भाईर ठेवला. जोडवी चांदीची हायेत."

"बांगड्या काचेच्या. मग..." त्यांची नजर तिच्या गळ्याकडे गेली. "मंगळसूत्र तारेत ओवलंय का? ते जरा काढून बाहेर ठेवा बरं."

मनकर्णेचा हात गळ्याशी गेला. "ते नाई काढनार."

"अहो, आत असेपर्यंतच. बाहेर गेल्यावर घाला की लगेच."

"नवरा हाये माहा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण खराटा हातातून गळून पडला होता. "काऊन काढू?"

वामनरावांना काही उमगेना. नवरा नाही असं त्यांनी म्हटलंच नव्हतं. तेवढ्यात बाहेरून जयवंताबाई ओरडली, "साहेब, सुतात ओवलं हाये ते! माह्या हातानं ओवलं. तार नाई त्यात." मग थोडं थांबून, खालच्या आवाजात, "मनकर्णे, खांद्याचं सांग त्यायले."

मनकर्णा बाहेर आली. साहेब तिच्यामागं आले. तिनं पदर सारून उजव्या खांद्याच्या मागचा व्रण बोटानं दाखवला. "हितं हाये. बंदुकीचा तुकडा. निंगालाच नाई."

मग जे तिनं दोन-चार वाक्यांत सांगितलं ते असं होतं. तिचं सासर पैनगंगेच्या काठावर, किनवटच्या बाजूला. अठ्ठेचाळीस साली निझामाचं राज्य उलथायच्या आधीच्या धामधुमीत तिथल्या गावांवर टोळ्या चालून येत. नदी ओलांडली की वऱ्हाड, तिकडं निभाव लागायचा. एका संध्याकाळी गावात हाकाटी झाली तशी माणसं मिळेल त्या वाटेनं नदीकडे पळाली. तिचा नवरा सुधाकर तेव्हा विशीत, ती सतरा-अठराची. लग्नाला दोन पावसाळेही झाले नव्हते. पळता पळता मागून भरमारच्या बंदुकीचा बार झाला. त्यात खिळे, लोखंडाचे तुकडे, जे हाती लागेल ते ठासलेलं असायचं. एक तुकडा तिच्या खांद्यात बसला. सुधाकरनं तिला पाठीवर घेतलं आणि छातीभर पाण्यातून पलीकडे नेऊन उतरवलं. तिथं त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "माय कुठं हाये?" कोणालाच ठाऊक नव्हतं. "तू हितंच राह्य. मी मायले घेऊन येतो," असं म्हणून तो पुन्हा पाण्यात उतरला.

जयवंताबाई त्याआधीच वरच्या उतारानं दुसऱ्या बायकांबरोबर नदी पार झाली होती. दुसऱ्या दिवशी सासू-सुनेची गाठ पडली. सुधाकर आला नाही. त्याचं प्रेतही कुणाला सापडलं नाही. कोणी म्हणे धरून नेलं, कोणी म्हणे पुरात गेला, कोणी म्हणे त्याला पुढं हैदराबादच्या वाटेवर पाहिलं. तो ज्या मायला शोधायला गेला ती माय वऱ्हाडच्याच काठावर होती, ही गोष्ट दोघींना ठाऊक होती आणि दोघी एकमेकींशी ती कधीच बोलल्या नव्हत्या.

फौजा आल्या, निझामाचं राज्य गेलं. जळलेलं घर सोडून दोघी जयवंताबाईच्या माहेरी, पिंपळखोरीला आल्या. मग छप्पन्न साली पुन्हा राज्यांच्या सीमा फिरल्या. नदीकाठचं गाव मुंबई राज्यात गेलं आणि पिंपळखोरी आंध्रात. त्या दिवसांत जयवंताबाई पटवाऱ्याच्या दारात जाऊन बसली होती. "माहा पोरगा निझामाच्या राज्यातून गेला," ती म्हणाली. "आता आमची हद्दच बदलली. त्यानं आमाले कोन्या राज्यात हुडकावं, सांगा." पटवारी भला माणूस होता. त्यानं तिला पाणी दिलं.

हे ऐकून वामनराव जयवंताबाईसमोर वाकून म्हणाले, "आजी, चुकलं माझं."

"तुमाले काय माहीत, बाप्पा," ती म्हणाली.

त्या दिवसापासून झोपडी साहेब स्वतःच झाडू लागले. मनकर्णेचं काम दोरीच्या बाहेरचं राहिलं. कामावरून काढलं नाही म्हणून ती सुखावली, पण आतलं पाहायचं मनात राहून गेलं. एका संध्याकाळी साहेब बाहेर चहा पीत बसले असताना तिनं विचारलंच. "आत असं काय हाये जी, माह्या येवढ्याशा तुकड्याले भेतं ते?"

वामनरावांना असा प्रश्न त्या माळावर पहिल्यांदाच कोणी विचारला होता. त्यांनी सांगितलं, आत केसाहून बारीक तंतूवर लहानसा चुंबक टांगला आहे. त्याला इवलासा आरसा आहे, आरशावर दिव्याचा उजेड पडतो. चुंबक जरासा वळला तरी उजेडाचा ठिपका पट्टीवर सरकतो.

"पन त्याले कोन वळवते?"

"वरून वाहणारी वीज." ते आकाशाकडे बोट करून म्हणाले. "साठ-सत्तर मैल वर हवा फार विरळ आहे. तिच्यावर ऊन पडलं की तिच्यातून वीज वाहायला लागते, नदी वाहते तशी. ती इथून दिसत नाही, पण तिच्या ओढीनं खालचा चुंबक वळतो. शिवाय कधीकधी ठिपका नुसताच थरथरतो. झोका घेतल्यासारखा, हळू हळू, इकडून तिकडं. ती थरथर त्याच्याही पलीकडून येते, सूर्याकडून. दिवस आणि रात्र यांची कड आपल्यावरून सरकते त्या वेळी ती कशी बदलते, एवढंच मला पाहायचं आहे. म्हणून मी पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा आत जाऊन बसतो."

"पहाटे तर ऊन नसतेच."

"इथं नसतं. वर आलेलं असतं. तुमच्या अंगणात अजून अंधार असतो, आणि तिथं वर सूर्य पोचलेला असतो. चुंबकाला ते आपल्याआधी कळतं."

मनकर्णा भांडी घासून घरी गेली. जेवताना ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, साहेब म्हनतात, दिसत नाई तवाबी तो आलेलाच असते."

"कोन?"

"सूर्य."

जयवंताबाईनं हातातला घास ताटात ठेवला आणि पुढं जेवलीच नाही.

पुढच्या काळात मनकर्णा उजाडायच्या आधीच माळावर येऊ लागली. साहेबांच्या आंघोळीचं पाणी तापवायचं एवढंच निमित्त. दोरीजवळ चूल पेटवून ती झोपडीच्या बंद दाराकडे पाहत बसे. आत ठिपका आता हलला असेल का, असा विचार करी. आपण तिथं नाही म्हणूनच तो नीट हलत असेल, हेही तिला ठाऊक होतं. साहेब बाहेर आले की ती फक्त एवढंच विचारायची, "आला?" आणि साहेब म्हणायचे, "आला." कधी ते म्हणत, "आज फार सुंदर थरथरला." तेव्हा तिचा चेहरा असा उजळायचा, की वामनरावांना तिच्याकडे पाहवत नसे.

कापूस वेचून झाला, पळस फुलला. पळसाखाली भगवंतरावाची गाडी आता जरा जास्त वेळ थांबू लागली होती. तो भैंसा गावच्या बाजाराच्या गोष्टी सांगायचा, जिनिंगात कापूस कसा पिंजतात, तेलुगू व्यापारी मराठी शब्द कसे उलटेपालटे करतात. मनकर्णा हसायची. एकदा तो म्हणाला, "तुमाले आत येऊ देत नाईत, मलेबी नाई. आपन दोघंबी लोखंडाचे."

"तुमी गाडी सोडली तर जाऊ शकता की आत."

"मंग इथं कोन थांबंल?"

त्या उन्हाळ्यात त्यानं सरळच लग्नाचं विचारलं. त्यांच्या जातीत पाट लावायची, म्हणजे बाईनं दुसरं लग्न करायची रीत होती, कोणी नावं ठेवली नसती. "मी घाई करत नाई," तो म्हणाला. "पन दहा वर्सं होऊन राह्यली, मनकर्णाबाई."

"ते आले तर?"

"आले तर मी सोता तुमाले गाडीत बसवून त्यायच्यापाशी नेऊन सोडीन."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तो थट्टा करत नव्हता. मग तिनं डाग उचलला, या वेळी एकटीनंच डोक्यावर चढवला आणि दोरीकडे चालू लागली. "नाई," ती पाठमोरीच म्हणाली.

त्यानं पुन्हा विचारलं नाही. गाडी तशीच येत राहिली, डाग तसाच चढवून देत राहिला.

वर्ष संपलं. वामनरावांचं काम पुरं झालं आणि सामान बांधायची वेळ आली. शेवटच्या दिवशीची नोंद झाल्यावर त्यांनी मनकर्णेला निरोप पाठवला, की उद्या पहाटे पाणी तापवू नका, नुसत्याच या.

ती आली तेव्हा पूर्वेकडे अजून काळोखच होता. साहेबांनी दोरी वर उचलून धरली. "या आत."

"पन माहं लोखंड..."

"आता नोंद घ्यायची नाही. या."

आत रॉकेलचा मंद वास होता. काचेच्या पट्टीवर हरभऱ्याएवढा उजेडाचा ठिपका पडला होता. ती दोन पावलं पुढं गेली तसा ठिपका सर्रकन एका बाजूला सरला. ती दचकून मागं व्हायला लागली.

"थांबा. हे तुमच्यामुळं झालं, होऊ द्या. आता हलू नका."

ती श्वास रोखून उभी राहिली. ठिपका नव्या जागी स्थिरावला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तो जरासा डावीकडे गेला. परत आला. उजवीकडे गेला. परत आला. झोपेतल्या लेकराचं पोट खालीवर व्हावं, इतक्या सावकाश.

"हे मी नाई?" तिनं कुजबुजत विचारलं.

"नाही. तुम्ही स्तब्ध उभ्या आहात. हा वरचा."

दार किलकिलं होतं, बाहेर अजून अंधार होता. मनकर्णेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आपण हललो तर ठिपका बिघडेल म्हणून ती ते पुसतही नव्हती. वामनराव बाहेर जाऊन उभे राहिले. पूर्व उजळू लागली तेव्हा ती बाहेर आली. म्हणाली, "लई वाट पाह्याले लावते, नाई?" आणि पदरानं तोंड पुसून त्यांच्या पेट्या बांधू लागली.

साहेब गेले. झोपडीचे बांबू गावानं नेले. पळसाखाली गाडी यायचं कारण उरलं नाही. काही दिवसांनी कळलं, भगवंतरावानं बैलजोडी विकली आणि तो बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत लागला. तो सांगायला आला नाही. येऊन सांगावं असं काही तिनं ठेवलंच नव्हतं.

त्या हिवाळ्यात एका दुपारी ती अंगणात ज्वारी पाखडत होती. वाटेनं एक गाडी गेली. बैलांच्या गळ्यात घुंगरं होती. तिचे हात थांबले, मान वर झाली, आणि गाडी दुसऱ्याच कोणाची आहे असं पाहून तिला जे वाटलं त्यानं तीच चकित झाली. दहा वर्षं तिचे कान नदीकडून येणाऱ्या पावलांकडे होते. ते कधी वळले, तिला कळलंच नव्हतं. त्या दिवशी ती पाखडणं टाकून आत जाऊन पडून राहिली. सासूनं कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

जयवंताबाईला मात्र कळलं असावं. पुढच्या वर्षी ती आजारी पडली आणि उठली नाही. शेवटच्या दिवसांत एका संध्याकाळी तिनं मनकर्णेला जवळ बसवलं. "तो मले आनाले गेला," ती म्हणाली. "आन् मी तुह्याच काठावर होती."

"आत्याबाई, राहू द्या."

"राहू कसं देऊ? येवढी वर्सं राहू देलं. तू बोलली नाई, मीबी नाई. तुले धरून ठेवलं म्या. तू कुंकू लावत होती तवर मले वाटे माहा पोरगा हाये." तिला धाप लागली. "आता मी जाऊन राह्यली. आता कोनासाठी थांबतं?"

"माह्यासाठीबी थांबली होती मी," मनकर्णा म्हणाली. "निस्ती तुमच्यासाठी नाई."

"ते मले माहीत हाये. पन तो गाडीवाला वाईट नोता."

मनकर्णेनं सासूच्या छातीवर डोकं टेकलं. दोघी रडल्या, आणि सुधाकरचं नाव घेऊन एकत्र रडायची ती पहिलीच वेळ होती.

सासूचं दिवसपाणी उरकल्यावर मनकर्णेनं घराला कुलूप लावलं. शेजारणीला सांगितलं, खांदा दुखतो, बेल्लमपल्लीला मोठा दवाखाना आहे म्हणे, दाखवून येते. खांदा थंडीत खरंच दुखायचा. बसनं मंचेरियाल आणि तिथून आगगाडीनं ती बेल्लमपल्लीला उतरली. तेलुगू तिला बाजारापुरतंच यायचं. खाणीच्या फाटकाशी उभी राहून ती येणाऱ्या प्रत्येक माणसाला हिंदीत विचारत होती, आदिलाबादकडचा मराठी माणूस, भगवंतराव, ओळखता का. दिवसपाळी सुटली. काळ्या तोंडांची माणसं बाहेर पडू लागली, सगळी एकसारखीच दिसत होती. त्यांतला एक तिच्यासमोर येऊन थांबला. डोळ्यांवरून तिनं त्याला ओळखलं.

"आत्याबाई गेल्या," ती म्हणाली.

"कदी?"

"झाला महिना." मग तिनं जमिनीकडे पाहत विचारलं, "लगन केलं तुमी?"

"नाई."

"काऊन?"

त्यानं काळ्या हातानं कपाळ पुसलं. ते आणखीच काळं झालं. "घाई नोती," तो म्हणाला.

दवाखान्यात दाखवलं, पण तुकडा हाडाशी रुतला होता. डॉक्टर म्हणाले, दुखलं तर शेकत जा, काढायच्या भानगडीत पडू नका. त्याच आठवड्यात चार माणसांसमोर पाट लागला.

खाणीच्या कॉलनीत ती आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायची. तिनं हे मला सांगितलं तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते आणि भगवंतराव खाणीतून निवृत्त होऊन दिवसभर ओट्यावर बसायचे. संसार त्यांचा चांगला झाला. मूल झालं नाही. क्वार्टरच्या मागं तिनं वांगी आणि मिरच्या लावल्या होत्या. पानांवर कोळशाची भुकटी बसायची, ती रोज ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची. कॉलनीत मराठी बोलणारा नवा माणूस आला, विशेषतः उतारवयाचा, की ती त्याला चहाला बोलवायची. हळूच त्याचं गाव विचारायची, नदीच्या कोणत्या अंगाचं ते विचारायची, आणि हैदराबादच्या वाटेवर अठ्ठेचाळीस साली कोण कोण भेटलं ते विचारायची. भगवंतराव तेवढा वेळ ऐकत बसायचे. दोघांच्या कपांतला चहा गार व्हायचा. पाहुणा गेला की ते उठून तो चुलीवर पुन्हा गरम करायचे आणि आधी तिला द्यायचे.